डब्याच्या आतला लेप

अमरावतीच्या त्या मोठ्या दुकानात मी पाऊण तास एकाच कपाटासमोर उभी होते. हातात सोललेल्या टमाट्यांचा डबा. सेंद्रिय, परदेशातून आलेला. अक्षरं इतकी बारीक, की कोणी वाचूच नये अशी सोय केलेली. दुकानातली पोरगी दोनदा विचारून गेली, "काकू, काय पाहिजे?" दुसऱ्यांदा मी तिच्यावर खेकसले. तिचा बिचारीचा काही दोष नव्हता.

डबा माझ्या मोठ्या बहिणीसाठी हवा होता. आमच्यात मोठ्या बहिणीला बाई म्हणतात. बाई पातूरजवळच्या एका खेड्यात, भाजीपाला पिकवणाऱ्या घरात दिलेली. तिला पोटाचा कॅन्सर निघाला, तेव्हापासून ती आणि भाऊजी अकोल्याला दोन खोल्या घेऊन राहत होते. औषधाचा डोस झाला की तिचं अन्नावरचं मनच उडायचं. भाकर नको, वरण नको, वासानंच उलटी. मागायची ती एकच गोष्ट, भेदऱ्याचं सार. टमाट्याला ती जन्मभर भेदरंच म्हणत आली. डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं, वजन आणखी उतरलं तर पुढचा डोस देता येणार नाही. म्हणजे तिच्या पोटात काहीतरी जाणं, एवढ्यावरच सगळं येऊन थांबलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, बाजारात टमाटे मिळत नाहीत का? मिळतात. भाऊजींनी आणलेही होते. बाईनं पिशवीत डोकावून पाहिलं आणि पिशवी दूर लोटली. "तीस वर्सं मीच पंप भरून देल्ले. कोन्या भेदऱ्यावर काय मारते, मले नोको सांगू." त्यांच्या वावरात बाजारासाठी लावलेल्या टमाट्यावर फवारा मारायचे, आणि विहिरीच्या कडेला एक सरी घरासाठी वेगळी असायची. तिला औषधाचा थेंब नाही. भाजीवाल्यांच्या बऱ्याच घरी अशी सरी असते, बाहेर कोणी बोलत नाही इतकंच. ती सरी लावायचं काम बाईचं. त्या वर्षी ती दवाखान्यापायी अकोल्याला होती आणि सरी कोणीच लावली नाही.

म्हणून सेंद्रिय, आणि मेच्या उन्हात सेंद्रिय म्हणजे डब्यातलं. मी डबा घेणारच होते. पण मला प्रत्येक गोष्टीत दुसऱ्याचं मत घ्यायची खोड आहे, आणि दुसऱ्यानं दिलं की त्याच्याशी भांडायची. दुकानातूनच पुण्याला मुलीला फोन लावला. ती म्हणाली, "आई, डब्याच्या आत प्लास्टिकसारखा लेप असतो. टमाटे आंबट, त्यात तो थोडा थोडा उतरतो म्हणतात. मावशीला नको गं देऊस."

"यावर लिहिलंय, बीपीए-फ्री. म्हणजे ते प्लास्टिकचं रसायन यात नाही."

"ते नाही म्हणजे त्याच्या जागी दुसरं काय लावलंय, ते लिहिलंय का?"

नव्हतं लिहिलेलं. मी डबा उलटा केला, सुलटा केला, हलवला. आतला लेप बाहेरून थोडाच दिसणार! ज्या बाईला फवाऱ्याच्या नावानं भेदरं नको, तिला मी लेपाचं खाऊ घालू? डबा परत ठेवला आणि रिकाम्या हातानं घरी आले. मुलीनं काचेच्या बरणीतले मागवून दिले. ते यायला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत बाई रोज फोनवर विचारायची, "कवा येतं व?" मी म्हणायची, "येते, चांगलं घेऊन येते." नऊ दिवसांत तिचं वजन पावणेतीन किलोनं उतरलं. डोळे मिटून तो डबा उचलला असता तर काय झालं असतं, हा हिशेब मी अजून करते.

बरणी लुगड्यात गुंडाळून, मांडीवर धरून मी मूर्तिजापूरमार्गे अकोल्याला गेले. बाई खाटेवर चादरीत दिसतच नव्हती. मला पाहून हसली मात्र. "आली का माय? कर लवकर."

स्वयंपाकघरात अॅल्युमिनियमची पातेली होती. आंबट त्यात नको, हे मुलीनं बजावलेलं. तवा-कढई काळ्या लेपाची, म्हणजे पुन्हा लेपच. स्टीलचं एक पातेलं होतं, त्यात दूध तापवलेलं. ते दुसऱ्या भांड्यात ओतायला किती वेळ लागला असता? पण माझी नजर फळीवरच्या पितळी गंजाकडे, त्या उभट पातेल्याकडे गेली. आईच्या घरचा, बाईला लग्नात दिलेला. मनात आलं, हे खरं भांडं! ना रसायन, ना प्लास्टिक. चिंच लावून घासला. आतून-बाहेरून सोन्यासारखा पिवळा झळकायला लागला आणि मी खूश.

अहो, आतून पिवळा! मी पितळी भांड्यात जेवून मोठी झालेली. कल्हईवाला गल्लीत भाता लावून बसायचा आणि आई प्रत्येक भांडं आतून पांढरं झालंय की नाही ते बोट फिरवून बघायची. बिनकल्हईच्या पितळेत आंबट कळकतं, खाल्लं तर उलट्या होतात, हे आमच्याकडे शाळेत जायच्या आधी कळतं. डब्याचा लेप नको म्हणून जिनं नऊ दिवस घालवले, तिला भांड्याला लेप नाही हे दिसलं नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा. वर बाईला डुलकी लागली होती म्हणून सार तासभर त्याच गंजात राहू दिलं.

उठल्यावर तिला टेकवून बसवलं. पहिला चमचा तिनं डोळे मिटून घेतला. दुसरा घेतला आणि तोंड वाकडं केलं. तिसऱ्याला सगळं उलटून पडलं, पोटात नव्हतं तेही. भाऊजींनी तिची पाठ धरली, मी चादर आवरली. थोड्या वेळानं ती थकलेल्या आवाजात म्हणाली, "सार चांगलंच असन. तुया हातचं कवा बिघडते? मायीच जीभ गेली आता."

मी स्वयंपाकघरात जाऊन उरलेलं चाखलं. जिभेवर तांब्याचा पैसा ठेवल्यासारखं लागलं. त्याच क्षणी सगळं कळलं. मी गंज मोरीत रिता केला, हात धुतले आणि बाहेर आले. तोंडापर्यंत शब्द आले होते, बाई, तुझी जीभ शाबूत आहे, माझंच चुकलं. भाऊजी माझ्याकडे बघत होते. नऊ दिवस वाट बघायला लावून मी हे वाढलं, हे त्यांच्यासमोर म्हणायची माझी हिंमत झाली नाही. मी म्हणाले, "हो बाई, त्या औषधानं होते तसं."

तिनं ते खरं मानलं. दुसऱ्या दिवशी बरणीतल्या उरलेल्या टमाट्यांचं सार स्टीलमध्ये केलं, साधं, जिऱ्याच्या फोडणीचं. तिनं वाटी पाहिली आणि हात हलवला. "कायले करतं? मले चवच कयत नाई." मी आर्जवं केली, चिडले, रडलेसुद्धा. तिनं तोंड उघडलं नाही. तेव्हा तरी सांगायचं होतं. मी सांगितलं नाही. पुढचा डोस वजनापायी थांबला, तो पुन्हा सुरू झालाच नाही. माझ्या गंजानं तिला मारलं असं नाही, रोग मोठा होता. पण खायची शेवटची हौस तिच्यापासून रोगानं नेली नाही, मी नेली.

शेवटच्या आठवड्यात एका दुपारी भाऊजींनी आंबे आणले. बाई म्हणाली, "तू खाय माया समोर. अन् कसं लागते ते सांग." मी एक फोड तोंडात घातली आणि गोड आहे म्हणाले. "आंबुस बी हाये का थोडा?" तिनं विचारलं. थोडा आहे, मी म्हणाले. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मी दुसरी फोड खाईपर्यंत.