अडुळशाचा पाक आणि शोभाताई

आमच्या कंपनीत किस्से चोथ्यासारखे साचतात. संध्याकाळी बाहेर टाकले तरी सकाळी पुन्हा ढीग तयार!

जालना एमआयडीसीत आम्ही औषधी पाल्याचा अर्क काढतो. मी लॅबमध्ये. अर्क निघायचा विषारी मिथेनॉलमध्ये, आणि त्याच्या वासानं टाकीवरच्या शोभाताईंचं डोकं गरगरायचं. डॉक्टरांनी सांगितलं, काम सोडा. पण घर चालतं त्यांच्याच पगारावर! म्हणून मी साहेबांना नवा द्रावक सुचवला. साखर, सायट्रिक ॲसिड आणि थोडं पाणी, बस्स.

साहेब म्हणाले, "खरेदीदारानं पास केला तर ठेवू. नाहीतर पुन्हा मिथेनॉल!"

*

पहिल्या दिवशी त्या दोन पांढऱ्या पावडरी घोटभर पाण्यात गरम केल्या. बघता बघता सगळं विरघळून नितळ झालं.

शोभाताई बघतच राहिल्या. "सर, सायन्स करून राह्यले का जिलबीचा पाक?"

*

दुसऱ्या सकाळी टाकीभोवती मुंग्याच मुंग्या! एवढ्या वर्षांत तिथे किडा फिरकला नव्हता. बॅच गेली म्हणून मी कपाळावर हात मारला. शोभाताई मात्र खूश.

"मुंगी जित्ती हाये, म्हंजे मी बी जित्ती राहीन!"

*

मग फायर सेफ्टीवाले आले. "हे पेटलं तर काय करता?" त्यांनी विचारलं.

आमच्या फिटर भीमरावमामांनी खिशातली काडेपेटी काढली, काडी ओढली आणि थेट पाकात बुडवली! "बघा, बिलकुल पेटत न्हाई."

फायरवाले गेटपाशी सापडले. साहेब टेबलाखाली.

*

शेवटी खरेदीदाराचा तपासनीस आला. दारातूनच खोकत आला बिचारा. अडुळशाच्या अर्काची बाटली टेबलावर ठेवून मी कागद आणायला आत गेलो. परत येतो तर बाटली रिकामी, आणि तपासनीस महाशय कपातून वाफाळतं काहीतरी पीत बसलेले! मी शोभाताईंकडे धावलो.

"ताई, हे काय दिलंत?"

"तुमचा अडुळसाच की! गरम पाण्यात दिला. खोकणाऱ्या पाव्हण्याला कोरडं बसवायचं का?"

तपासनिसानं कप खाली ठेवला. चेहरा पांढराफटक. माझ्या डोळ्यांसमोर मिथेनॉलची टाकी दिसायला लागली.

मग त्यानं बॅगेतून फॉर्म काढला. 'चव' या रकान्यात लिहिलं, "आंबटगोड, शेवटी कडू." आणि हात पुढे केला, "दुसरा नमुना?"

"देते ना," शोभाताई म्हणाल्या. "पण आधी खोकला थांबला का न्हाई, ते लिवा!"