उलट्या चोचीची तिसरी

चांगुणामावशी काल गेली. मी तिच्याशी एक खोटं बोलले होते.

ऐंशीच्या दशकात पीएचडीसाठी मी नवापूरच्या किनाऱ्यावर फॉसिल शोधायचे. बोईसरला दादाच्या क्वार्टरमध्ये मुक्काम, सकाळची एसटी, आणि भरती येईपर्यंत खडक फोडणं.

मावशी तिथेच खाडीच्या चिखलात तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, वेचायची. मला दगडवाली म्हणायची. डबा विसरले की तिच्यातली अर्धी भाकरी द्यायची, आणि एवढं शिकून डबा लक्षात राहत नाही म्हणून सुनावायचीही.

खडकातून मला एक अख्खी शिंपली मिळाली होती. पुस्तकातल्या चित्रांशी ताडून मी 'आजही मिळते तीच तिसरी' असं लेबल लावून मोकळी झाले होते.

एक दिवस मावशीने ती हातात घेतली. तिसरी उघडताना धरतात तशी तळहातात बसवली. दोन्ही शिंपा जुळतात तिथल्या टोकावरून अंगठा फिरवला आणि थांबली.

"ही तिसरी नाय. हिची चोच उलटी वळलीय. असली मी कदी खाल्ली नाय."

मावशीने खाल्ली नाही म्हणजे ती त्या खाडीत नव्हतीच!

मग मी दोन महिने सुईने बिजागरीतला दगड कोरत बसले. आतले दात, म्हणजे शिंपा एकमेकींत अडकवणारे कंगोरे, वेगळेच निघाले. नवी प्रजाती होती, कधीच नामशेष झालेली.

धावत जाऊन सांगितलं, "मावशी, हिला तुझं नाव देते."

ती चक्क लाजली. "दे बाय. पन चांगुणाच लिव."

माझ्या गाइड सरांना सांगितलं तर ते हसले. मासेवालीचं नाव? थीसिसवर त्यांची सही व्हायची होती.

मी सरांचं नाव दिलं.

पेपर छापून आला, त्याची एक प्रत तिला द्यायला गेले. तिला अक्षरओळख नव्हती, त्यातून सगळं इंग्रजी. माजं नाव कुठं हाय, म्हणाली.

मी तिचं बोट धरलं आणि सरांच्या नावावर ठेवलं.

बराच वेळ तिने ते उचललं नाही. मग मला तिसऱ्यांचं कालवण वाढलं.

त्यानंतर मी नवापूरला गेले नाही. लाज वाटायची. आमच्या शास्त्रात एकदा दिलेलं नाव बदलताही येत नाही.

पुण्यात मंडईत तिसऱ्या दिसल्या की अजून एक उचलून चोच बघते. मागून कुणी दगडवाली म्हणेल असं उगाच वाटत राहतं. फार आठवण येते तिची.

काल तिच्या मुलाचा फोन आला. रडत रडत त्याला सगळं सांगून टाकलं.

तो शांतपणे म्हणाला, "आयला म्हाईत होतं. माज्या पोरीनं तवाच तो पेपर वाचून दाखवला होता. आय बोलली, दगडवालीला सांगू नका, येयाची बंद होईल."

मी तर कधीचीच बंद झाले होते.

मावशी, उद्या सकाळच्या एसटीने येतेय. डबा आणत नाही.