मॅचच्या दिवशी मागचं गेट

आमच्या ह्यांची फॅक्टरी बडोद्याला, पादरा गावाच्या रस्त्याला होती. एका सकाळी कामावर गेले तर गेटला कुलूप आणि वर कागद चिकटवलेला. तेव्हा असंच चाललं होतं. बडोद्यात रोज नवीन दुकान निघायचं, दुकानात रंगीत टीव्ही, आणि आमच्यासारख्यांच्या गेटला कुलूप.

युनियनवाले म्हणाले, मशिनं आत आहेत तोवर आशा आहे, कुणीतरी फॅक्टरी परत चालू करील. मशिनं गेली की संपलं. म्हणून गेटसमोर मांडव घातला. माणसं पाळीनं बसायची, दोघं मागच्या गेटला, बाकी पुढं. मी दुपारी डबा घेऊन जायची. असे अडीच महिने काढले.

मग क्रिकेटची मोठी मॅच आली. एकानं घरचा टीव्ही आणला. करंट कुठून आणायचा, तर कंपनीच्या चौकीदारानं आपणहून आतून वायर टाकली. हा माणूस एरवी प्यायला पाणी देत नव्हता. मला नंतर वाटलं, तिथंच कळायला पाहिजे होतं.

त्या दिवशी ऊन फार होतं म्हणून मी मागच्या गल्लीनं गेले. तिथं सावली असते. बघते तर मागचं गेट सताड उघडं, आपलं माणूस एकही नाही. आत दोन ट्रक, वर ताडपत्री, पोरं दोऱ्या आवळत होती. काय चाललंय ते मला कळलं. मी चपला हातात घेऊन पळाले.

मांडवात पाय टाकला आणि तिकडं चौका बसला. सगळे उठून नाचायला लागले. मागच्या गेटवाले दोघंही तिथंच!

"काकी आव्या ने चोग्गो!" एक गुजराती भाई ओरडला. "काकी, हवे हालता नहीं!"

"अहो, मागं बघा..." मी म्हटलं.

दुसरा म्हणाला, "काकी, आता हलू नका, बोलू पण नका. तुमचा पायगुण चांगला आहे. हललात तर विकेट पडेल."

हे माझ्याकडं न बघताच म्हणाले, "थांब गं, एवढी ओवर होऊ दे."

आणि हसले. कुलूप लागल्यापासून हे हसले नव्हते. जेवायचे नाहीत, बोलायचे नाहीत, भिंतीकडं तोंड करून पडायचे. ते हसले म्हणून मी थांबले. ही खरी गोष्ट आहे, दुसऱ्या कुणावर घालत नाही. मग आणखी एक चौका बसला. चाळीस माणसं माझ्याकडं देवीकडं बघावं तशी बघत होती. मला तेही बरं वाटलं. डबा हातात धरून उभी राहिले आणि खरं सांगते, ट्रक डोक्यातून निघून गेले.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. एक जण आऊट झाला तेव्हा कुणीतरी म्हणालं, "काकी हालल्या वाटतं!" सगळे हसले. तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "मागचं गेट उघडं आहे."

सगळे धावले. ट्रक नव्हते. आत जमिनीवर तेलाचे चौकोन राहिले होते, मशिनं होती त्या जागी.

मी तिथंच सगळ्यांना सांगितलं की मी येतानाच बघितलं होतं. कुणी शिवी दिली असती तर चाललं असतं. तो गुजराती भाई एवढंच म्हणाला, "काकी, अमेज तमने ऊभा राख्या." आम्हीच तुम्हाला उभं ठेवलं.

घरी आल्यावर ह्यांना विचारलं, "मी ओरडले असते तर उठला असता?"

ह्यांनी डबा उघडून तसाच झाकला. मग म्हणाले, "ओवर झाल्यावर उठलो असतो."

दुसऱ्या दिवशी हे आंघोळ करून परत मांडवात जाऊन बसले. आत राखण्यासारखं काही नव्हतं. सगळेच आले होते. मी बडोद्यातच अकोट्याच्या घरांत पोळ्यांचं काम विचारायला गेले.