सापियाहच्या पिंपातली चिंबोरी

माझी नणंद सापियाह आयुष्यभर चिंबोऱ्या सोलत आली. अख्खं गाव तिला कक म्हणतं, म्हणजे थोरली बहीण, आणि तीही सगळ्यांवर थोरलीसारखीच डाफरते. दक्षिण थायलंडमधल्या पट्टानीच्या खाडीवर आमच्या गावाने खेकड्यांची बँक काढली, तिची पिंपं ककच्याच ताब्यात. जाळ्यात अंडी धरलेली मादी आली की ककच्या पिंपात सोडायची. पिल्लं फुटून समुद्रात गेली की आई मात्र बाजारात, असा नियम.

ककला हा नियम खटकायचा. सोलताना मादीच्या कवचाखाली दोन पिशव्या दिसतात. आम्ही त्या घाण म्हणून खरवडून टाकतो. ककचं म्हणणं, त्यात नराचं बीज साठवलेलं असतं. मादी कात टाकून मऊ पडते तेवढ्यापुरताच नर जवळ येतो, पुढे एवढ्या गढूळ समुद्रात तो पुन्हा भेटेल याची काय खात्री? म्हणून ती शहाणी एकदाच भरून ठेवते आणि लागेल तसं वापरून पुन्हा पुन्हा अंडी घालते. ज्यांनी साठवलं नाही त्यांचा वंश केव्हाच बुडाला, असं कक ठणकावून सांगायची.

चहाच्या टपरीवर हशा पिकला. सगळ्यांत मोठ्याने हसले आमचे हे, डोलाह, तिचेच धाकटे भाऊ.

"कक, घरात नवरा नाही आणि पाळणा हलणार?"

"हलला तर?"

"तर पिल्लं सोडून रिकाम्या झालेल्या माद्याही समुद्रात सोडू. जाळ्यात आल्या तरी! सगळ्या होड्यांच्या वतीने सांगतो."

मी ह्यांना चिमटा काढला. त्याच माद्यांवर आमच्या घरात तांदूळ यायचा.

ककने एक मोकळी झालेली मादी वेगळ्या पिंपात एकटीच ठेवली. काही आठवड्यांनी तिने अंडी घातली खरी, पण ती तळाशी विखुरली आणि नासली. ह्यांनी आनंदाने टपरीभर चहा पाजला. बहिणीच्या फजितीवर चहा वाटतात, म्हणून मला असा संताप आला की दुपारी भाताचं ताट समोर आदळलंच.

कक मात्र कपाळावर हात मारून म्हणाली, "चुकलं माझंच. बाळंतिणीला उघड्या लादीवर निजवलं."

तिने पिंपात जाड वाळू घातली आणि दुसरी मोकळी झालेली मादी एकटीच सोडली. ही वाळूत रुतून बसली, पोटाखालची रुंद झडप उघडली आणि अंडी तिथल्या केसांना नीट चिकटवून घेतली. पिवळी अंडी नारिंगी झाली, मग तपकिरी, मग काळी. ककने भावाला बोलावून हातात भिंग दिलं.

हे बराच वेळ वाकून बघत राहिले.

"डोळे आहेत गं," एवढंच म्हणाले.

"मग? तुझ्यासारखी आंधळी निपजतील वाटलं?"

टपरीवर शब्द पाळला गेला, नियम बदलला. मला आनंद झाला, पण धाकधूकही होती. भर खाडीत कोण कुणाला बघतंय? आणि नवरा माझा मला ठाऊक.

पुढच्याच फेरीला आमच्या जाळ्यात मोठी जड मादी आली. झडपेखाली फुटलेल्या अंड्यांची टरफलं अजून चिकटलेली होती. आसपास दुसरी एकही होडी नव्हती. ह्यांनी तिला हातात तोललं. तेवढ्यात तिने नांगी मारली आणि बोटातून रक्त आलं.

"डसली मेली," ते म्हणाले, आणि तिला अलगद पाण्यात सोडून दिलं.

मी बघतच राहिले.

"काय बघतेस? जाळं ओढ. अजून दोन-तीन बाळंतपणं बाकी आहेत तिची."