आधी टाकी बघायची

कानमेस्त्री हे नाव त्याला लोकांनी दिलं होतं, आणि ते आपल्याला शोभतं असं त्याला बरीच वर्षं वाटत होतं. मोटारसायकल दारात आली की लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक तो इंजिनावर टेकवायचा, मूठ कानाला लावायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा, "टायमिंगची चेन." बहुतेक वेळा ती चेनच निघायची. नाही निघाली तर म्हणायचा, "तिचीही वेळ आलीच होती," आणि तीही बदलायचा.

पण कान लावायच्या आधी त्याची एक रीत होती. गाडी कुणाचीही असो, पहिल्यांदा टाकीचं झाकण उघडायचं, आत डोकावायचं, मग पुढचं. त्याला कारण होतं. उमेदवारीच्या काळात त्याने एका गाडीचं अख्खं इंजिन खोलून ताडपत्रीवर मांडलं होतं, आणि संध्याकाळी उस्तादाने येऊन टाकी हलवली तर आत पेट्रोलचा थेंब नाही! उस्तादाने काढलेले शब्द त्याला अजून पाठ होते. ही गोष्ट तो गिऱ्हाइकांना रंगवून सांगायचा. फक्त त्यातला मूर्ख म्हणून तो दुसऱ्याच कुणाला तरी उभा करायचा.

तर अशा थोर माणसाच्या स्वतःच्या मुलीची गाडी बंद पडायला लागली.

मुलगी दवाखान्यांतून रक्ताचे नमुने गोळा करून लॅबमध्ये पोचवायची. गार पेटी, ठरलेली वेळ. उशीर झाला की रक्त फेकून द्यायचं आणि पेशंटला पुन्हा सुई टोचायची. असं दोनदा झालं होतं. लॅबच्या बाईंनी स्पष्ट सांगितलं, "तिसऱ्यांदा झालं तर ही फेरी दुसऱ्याला देईन." मोठ्या खटपटीने मिळालेलं काम होतं आणि तिचा त्यात जीव होता.

"बाबा, वीस मिनिटं छान चालते. मग आचके देते आणि बंद पडते. जरा वेळ थांबलं की आपली आपण सुरू होते. आणि टाकी भरलेली असली की जास्तच करते."

"अगं, पोट भरल्यावर कोण रुसतं?" मेस्त्री आपल्याच विनोदावर हसला. रीतीप्रमाणे झाकण उघडून बघितलं, लावलं, किक मारली. गाडी एकदम शहाणी. तरी त्याने प्लग बदलला आणि चार गल्ल्या फिरवून आणली. काही नाही. आठवड्याने पुन्हा तीच तक्रार. कार्बोरेटर दोनदा साफ झाला, कॉइल नवी आली, गाडी प्रत्येक वेळी त्याच चार गल्ल्या हिंडून आली आणि त्याच्यासमोर एकदाही आचका द्यायला तयार होईना. शेवटी त्याने निदान केलं.

"गाडीत काही नाही. क्लच सोडताना तुझा हात चुकतो. नाचता येईना, अंगण वाकडं."

क्लच सोडायला तिला त्यानेच शिकवलं होतं.

"अहो, एकदा तिच्या मागे बसून तर बघा," स्वयंपाकघरातून बायको म्हणाली.

"मी? मागे?" जन्मात कुणाच्या मागे न बसलेला माणूस तो!

गुरुवारी ती कशीबशी दोन मिनिटं शिल्लक असताना पोचली. घरी आल्यावर हेल्मेट ठेवत शांतपणे म्हणाली, "उद्या सांगून टाकते त्यांना, दुसरं कुणी बघा म्हणून. माझा हात चुकतो ना. मग माझ्यापायी कुणाला दोनदा सुई नको."

"उद्या मी येतो," मेस्त्री म्हणाला.

शुक्रवारी तो गार पेटी मांडीवर घेऊन मागे बसला. टाकी मुद्दाम काठोकाठ भरली होती. सगळी वाट त्याने तिची चूक शोधली. क्लच बघितला, गिअर बघितले, ब्रेक बघितला. पोरगी त्याच्यापेक्षा बरी चालवत होती, आणि हे कबूल करायला त्याला तीन चौक लागले. पुलापलीकडे गाडीने आचका दिला, दुसरा दिला आणि मेली.

"बघा!" ती म्हणाली.

त्याने पेटी तिच्या हातात दिली. डोक्यात काही नव्हतं. हाताने आपली रीत पाळली, झाकण उघडलं. टाकीने सुस्कन हवा आत ओढली. झाकण लावून त्याने किक मारली, गाडी चालू!

मेस्त्री जागच्या जागी उभा राहिला. मग त्याने झाकण काढून उलटं केलं. हवा आत जायचं बारीक भोक फटी भरायच्या लांबीने बुजलं होतं, आणि वाळलेल्या लांबीवर अंगठ्याचा ठसा होता. तो त्याचाच होता. दोन महिन्यांपूर्वी गाडी धुताना टाकीत पाणी गेलं म्हणून त्यानेच ते बुजवलं होतं. "आता थेंब आत जाणार नाही," असं वर ऐकवलंही होतं. थेंब गेला नाही, हवाही गेली नाही, आणि हवा आत आल्याशिवाय पेट्रोल खाली उतरत नाही; टाकी भरलेली असली की आतली हवा मुळातच कमी. म्हणजे दुकानात हा आधी झाकण उघडून गाडी बरी करायचा आणि मग तिचा आजार शोधत बसायचा. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

मुलीने केसातली पिन काढून दिली. त्याने भोक मोकळं केलं. पुढे गाडीने एकही आचका दिला नाही.

लॅबमध्ये ते सात मिनिटं आधी पोचले. बाईंनी विचारलं, "काय निघालं शेवटी गाडीत?"

"झाकणाचं भोक बुजवलं होतं कुणीतरी," मुलगी म्हणाली. "बाहेरचा मेस्त्री होता एक."

"असल्या माणसाला हात लावू देऊ नकोस पुन्हा."

मेस्त्रीने हेल्मेट काढलं. "बाई, तो बाहेरचा नव्हता. मीच तो, हिचा बाप. हिचा हात चुकतो असं मीच म्हणत होतो. तिचा हात चुकत नव्हता."

मुलगी पावतीवर सही करत होती. सही करून झाली तरी तिने मान वर केली नाही.

आता ही गोष्टही तो गिऱ्हाइकांना सांगतो आणि मूर्खाच्या जागी स्वतःलाच उभा करतो. अंगठ्याच्या ठशाला लोक पोट धरून हसतात, तोही हसतो. फक्त 'बाहेरचा मेस्त्री होता एक' इथे आला की गोष्ट तिथेच सोडतो. मग तो उठतो आणि समोर असेल त्या गाडीच्या टाकीचं झाकण उघडून आत बघत राहतो.