बाहेरची खुर्ची

एक एप्रिलला सरांनी मला केबिनची किल्ली दिली, सगळ्यांना पेढे वाटले, "आता हे ऑफिस हिचं" असं जाहीर केलं, आणि दोन एप्रिलला सकाळी पुन्हा हजर झाले. केबिनमध्ये नाही आले. बाहेर, जिन्याच्या दाराजवळ खिडकीखाली क्लायंटसाठी खुर्च्या होत्या, त्यातल्या पहिल्या खुर्चीत बसले आणि पेपर उघडला. मी धावत बाहेर गेले तर म्हणाले, "तू तुझं काम कर. मी काही कामाला आलो नाहीये. घरी वारा येत नाही."

आमचं सीएचं ऑफिस भाईंदर पश्चिमेला, बाजारातल्या एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर. सरांनी ते एकट्याने उभं केलेलं. मी तिथेच आर्टिकलशिप केली, तिथेच सीए झाले, त्यांची पार्टनर झाले, आणि आता ते निवृत्त झाल्यावर ऑफिसची प्रमुख. सरांनी मला जे काही शिकवलं ते एका वाक्यात मावतं: वाचल्याशिवाय सही नाही. नवीन असताना मी एकदा कुरियरवाल्याच्या पावतीवर न बघता सही ठोकली, तर त्यांनी त्याला जिन्यावरून परत वर बोलावलं आणि ती पावती मला मोठ्याने वाचायला लावली. कुरियरवाला हसत होता आणि मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. पण सवय लागली ती लागली.

तर सर बाहेर बसायला लागले. रोज. जिना चढून येणारा प्रत्येक क्लायंट आधी त्यांनाच भेटायचा. "अरे साहेब, तुम्ही इथे?" मग गप्पा, मग चहा, मग हळूच पिशवीतून कागद बाहेर. मी केबिनच्या काचेतून बघत असायची. माणूस आत येईपर्यंत त्याचं निम्मं काम बाहेरच उरकलेलं असायचं. आणि माझी माणसं? तीही तशीच. मी एखादं काम सांगितलं की बाहेर जाऊन "सर, मॅडम असं म्हणतायत" करून यायची. मी ऑफिसची प्रमुख होते म्हणजे काय होते, तर लग्नाच्या पंगतीत वाढपी सांगेल तिथे बसणारी वरमाय.

माझा पाय केबिनमध्ये ठरेना. बसले की उठायची, उठले की बाहेर एक चक्कर. कारण काहीतरी हवं म्हणून पाण्याची बाटली न्यायची, भरून आणायची, आत येऊन कुंडीत ओतायची आणि पुन्हा निघायची. आमच्या रिसेप्शनला जवळच्या मुर्धा गावच्या एक बाई होत्या, जरा वयाने मोठ्या, तोंडाने फटकळ. त्यांनी एकदा मला अडवलंच. "मॅडम, तुमाला सुगर-बिगर न्हाय ना? सारक्या पानी पिताव."

घरी नवऱ्याजवळ चिडचिड केली की तो म्हणायचा, "सरळ सांग ना त्यांना."

"काय सांगू? ज्यांनी हाताला धरून शिकवलं त्यांना उठा म्हणू?"

"मग गप्प बस."

"गप्प बसवत नाही, हीच तर पंचाईत आहे."

जूनमध्ये प्रकरण हाताबाहेर गेलं. आमचा सगळ्यात मोठा क्लायंट म्हणजे स्टीलचे डबे बनवणारे एक शेठ. बँकेचं कर्ज वाढवून घ्यायचं होतं, म्हणून त्यांना ऑडिटची घाई. कागदावर काशीमीऱ्याचं त्यांचं गोडाऊन मालाने गच्च भरलेलं. मी स्वतः तिथे गेले, ट्रकांच्या रांगेतून वाट काढत, तर अर्ध्या गोडाऊनमध्ये क्रिकेट खेळता आलं असतं. मी शेठना सांगितलं, माल पुन्हा मोजा, खरा आकडा द्या, मग सही करते. शेठ उठले, बाहेर गेले आणि सरांच्या शेजारी बसले. मी बाटली घेऊन निघालेच होते. दारातच ऐकलं. सर त्यांच्या गुडघ्यावर थोपटत म्हणत होते, "ती जरा कडक आहे हो. बघू, मी बोलतो तिच्याशी."

बस्स. डोक्यात तिडीक गेली. सर काही खोट्यावर सही कर म्हणणारे नव्हते, ते मला माहीत होतं. त्यांना फक्त माणूस दुखवायचा नव्हता. पण म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो. आज हा शेठ, उद्या बाजारातला प्रत्येक जण माझा नकार बाहेर नेऊन मऊ करून आणणार.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी ऑफिसात गेले आणि सरांच्या खुर्चीत बसले. शेठची फाईल मांडीवर, पेपर शेजारी. आणि खरं सांगते, तिथे वारा येत होता. शिवाय जिना दिसत होता, सगळी टेबलं दिसत होती, कोण फोनवर वेळ काढतोय तेही दिसत होतं. इतकी वर्षं तिथे काम करून मला हे ऑफिस असं कधी दिसलंच नव्हतं.

शेठ आले. त्यांनी आजूबाजूला बघितलं. "साहब नहीं आए?"

"मी आहे ना. बोला."

"मॅडम, वो माल का..."

"मोजलात?"

तेवढ्यात सर जिना चढून आले. हातात ठिबकणारी छत्री. खुर्चीशी येऊन उभे राहिले. शेठना हायसं वाटलं. "साहब, अब आप ही समझाओ इनको."

उठायला हवं होतं मी. वडीलधारं माणूस समोर उभं आहे आणि आपण बसून, हे आमच्या घरात कुणी खपवून घेतलं नसतं. माझे गुडघे आपोआप उठायला बघत होते आणि मी फाईल दाबून त्यांना खाली बसवत होते. सरांनी माझ्याकडे बघितलं, मग खुर्चीकडे. "मी पेपर घ्यायला आलो होतो," म्हणाले. माझ्या शेजारचा पेपर उचलला आणि जिना उतरून गेले.

शेठ म्हणाले, "मैं दूसरा सीए देख लेता हूँ."

"बघा. गोडाऊन त्यालाही दाखवावं लागेल."

गेले ते गेलेच. पुढच्या आठवड्यात त्यांचा माणूस येऊन सगळ्या फाईली घेऊन गेला, कपाटाचा एक अख्खा कप्पा रिकामा झाला. आणि सरही येईनात. आता क्लायंट सरळ केबिनमध्ये येत होते, माणसं मलाच विचारत होती, हवं होतं ते सगळं मिळालं होतं, आणि माझ्या जिवाला चैन म्हणून नव्हती. जिन्यावर पाय वाजला की मान वर व्हायची. पाच-सहा वेळा त्यांच्या घरचा नंबर फिरवला आणि रिंग वाजायच्या आत ठेवला. रिसेप्शनच्या बाई पहिली खुर्ची रोज पुसून ठेवायच्या आणि तिथे कुणाला बसू द्यायच्या नाहीत. मी सरांचं ऑफिस मोडलं, असं त्यांना वाटत होतं. मलाही तसंच वाटत होतं.

जुलैच्या शेवटी रिटर्न भरायची झुंबड असते. खुर्च्या भरलेल्या, जिन्यावर माणसं, कोपऱ्यात छत्र्यांचा ढीग. काचेतून बघते तर रांगेत सर उभे. काखेत प्लॅस्टिकची फाईल. बाईंनी पहिली खुर्ची पुढे केली, तर मान हलवून नको म्हणाले. मी तीनदा उठले आणि तीनदा बसले. त्यांना आधी बोलवावं तर ते चिडणार, न बोलवावं तर मीच मरणार. शेवटी नाहीच बोलावलं. त्यांच्या पुढच्या माणसांची कामं केली, पण त्यातल्या एकाचंही नाव मला आज आठवत नाही.

मग सर आत आले आणि क्लायंटच्या खुर्चीत बसले. "माझं रिटर्न भरायचंय."

त्यांचं रिटर्न आजवर त्यांच्याशिवाय कुणी भरलं नव्हतं. मी कागद घेतले, फॉर्म भरायला लागले. एक अक्षर लिहिलं की वर बघायची. ते खिडकीबाहेर बघत होते.

"फाईली न्यायच्या आधी शेठचा फोन आला होता मला," ते म्हणाले. "मॅडमना समजवा म्हणाला."

"मग?"

"म्हटलं, मी आता तिथला क्लायंट आहे. क्लायंटचं कोण ऐकतं?"

मला हसू आलं आणि डोळेही भरून आले. मी फॉर्म पुन्हा एकदा तपासला, सहीच्या जागी पेन्सिलने फुली केली आणि त्यांच्यासमोर सरकवला. सरांनी खिशातून पेन काढलं, फुलीवर सही केली आणि टोपण लावलं.

"सर, वाचा तरी आधी."

"तू वाचलंयस ना?" ते म्हणाले. छत्र्यांच्या ढिगातून त्यांनी आपली छत्री शोधून काढली आणि निघाले.

बाहेर माणसं थांबली होती. मी तो फॉर्म पुन्हा समोर ओढला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. आता माझ्यानंतर तो कुणीच वाचणार नव्हतं.