डाव्या पायातली चप्पल

मुलांनो, तुमच्या बाबांच्या मणक्याच्या गादीचं ऑपरेशन ठरल्याचं परवा फोनवर कळलं. तेव्हा मी, तुमची आजी, नुसतं "बरं" म्हणाले. फोनवर सांगण्यासारखी ही गोष्ट नव्हती, म्हणून लिहून पाठवते. तुम्ही त्यांच्याजवळ असाल, मी नसेन.

नव्वदच्या दशकाच्या मध्यात तुमच्या आजोबांचं हेच ऑपरेशन पुण्याला झालं. ते नगरच्या एका शाळेत सुतारकाम शिकवत. रंधा मारायचा तर तासन्‌तास उभं राहावं लागतं, पायांवर जोर घ्यावा लागतो. मुख्याध्यापकांनी जूनपर्यंत जागा राखायचं कबूल केलं होतं. तोवर ते कामाला उभे राहतात की नाही, एवढाच प्रश्न घरात होता.

मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत असे, त्यामुळे दवाखान्यातून घरी सोडताना दिलेला सूचनांचा इंग्रजी कागद माझ्या ताब्यात आला. मी त्याचा तक्ता करून स्वयंपाकघराच्या दारामागे चिकटवला. कुशीवर वळून उठणे. वाकणे नाही. खुर्चीत वीस मिनिटं. अंगणात सकाळी दहा फेऱ्या, संध्याकाळी दहा. कमोड नव्हता, म्हणून एका जुन्या खुर्चीला मधोमध भोक पाडून घेतलं. ते कसं पाडायचं हे आजोबा पलंगावरून सुताराला सांगत होते आणि त्याच्या करवतीचा आवाज ऐकून तोंड वाकडं करत होते. रोज संध्याकाळी मी तक्त्यात खुणा करत असे. एकही रकाना रिकामा राहिला नाही.

तिसऱ्या आठवड्यात फेऱ्या मारताना त्यांच्या डाव्या पायातली चप्पल निसटायला लागली. मला वाटलं, पडून राहून आळस भरलाय.

"पाय नीट उचला. फरफटत काय चालता?"

"उचलतोय की. तीच मागे राहते."

केडगावहून दूध घालायला येणारी बाई पायरीवर थांबून बघत होती. "बाई, सरांचं पाऊल खाली लोंबतंय बगा. आमच्या बैलाचं असंच झाल्तं."

"बैलाला निदान चप्पल सांभाळावी लागत नाही," आजोबा म्हणाले.

ती हसली नाही. "दाकवून या, बाई. लई दिस घालवू नका."

"डॉक्टरांनी सहाव्या आठवड्यात बोलावलंय," मी म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी बाजारातून मागे पट्टा असलेली, बक्कलची सँडल आणली. ती निसटत नव्हती. फेऱ्या पुन्हा वेळेत होऊ लागल्या आणि मला समाधान वाटलं.

त्या कागदाच्या मागच्या बाजूला लिहिलं होतं, पायात अशक्तपणा आला तर त्याच दिवशी यावं. मी ते वाचलं होतं. रोज करायची ती गोष्ट नव्हती, म्हणून तक्त्यात घेतली नाही.

सहाव्या आठवड्यात डॉक्टर तक्ता पाहून "वा!" म्हणाले. मग त्यांनी सँडल काढायला लावली. "पाऊल वर करा." आजोबांच्या कपाळावर घाम आला, पण पाऊल हललं नाही.

"हे कधीपासून?"

"झाले दोन-चार दिवस," आजोबा माझ्याकडे न बघता म्हणाले.

खरं काय ते मी सांगितलं. डॉक्टरांनी पुन्हा ऑपरेशन करून तीन आठवडे दबलेली नस मोकळी केली. कंबर शांत झाली, पाऊल मात्र कधीच उठलं नाही.

जूनमध्ये शाळेनं दुसरा माणूस घेतला. आजोबा एकदा बघायला गेले आणि वर्गाच्या दारातूनच परत आले. पुढची सगळी वर्षं काठीवर काढली. उंबऱ्याला अडखळून कितीदा तरी पडले. मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

ऑपरेशननंतर तुम्ही बाबांचं पाऊल रोज उघडं करून वर उचललं जातं का ते बघा. त्यांना विचारू नका, ते सांगणार नाहीत.

ऑपरेशनच्या आधी आजोबांनी घरासाठी सागवानी कपाट करायला घेतलं होतं. त्याची दारं व्हायची राहिली. ते कपाट माझ्या खोलीत आहे. मी त्याला पडदा लावला आहे.